लोन्झूचं रडणं

लोन्झू रडायला लागला की माणसं हसून हसून भिंतीला टेकायची. बाया पोट धरून उंबऱ्यावर बसायच्या. आमच्या धर्मगुरूंना मी स्वतः चष्मा काढून डोळे पुसताना पाहिलंय, आणि ते काही दुःखाने नव्हे. तुम्ही म्हणाल, काय ही बाई बोलते! पण बीर-वर्दाच्या फुटबॉल क्लबाचा बार मी चालवते, माझ्या आधी माझी आई चालवायची. गावात कोण का हसतं आणि कोण का रडतं हे डोलोरला नाही कळणार तर कुणाला कळणार?

आमच्याकडे रीतच आहे तशी. शेजारच्या गावाचा क्लब आमच्या बेटाच्या प्रीमियर लीगमधून खाली घसरला, की त्याची प्रेतयात्रा काढायची. खोटी, पण थाटात काही कमी नाही. पुढे बँड, मरणाची धून वाजवत. मग एकजण पाद्री झालेला, संडास घासायच्या ब्रशने लोकांवर पाणी शिंपडत चाललेला. मग त्या क्लबाच्या रंगात रंगवलेली पेटी सहा जणांच्या खांद्यावर. आणि पेटीच्या मागे विधवा. काळा झगा, तोंडावर काळी जाळी, हातात रुमाल. विधवा जमली नाही तर सगळा खेळ फुकट. त्या गावाच्या वेशीवर पोलीस अडवल्यासारखं करतात, त्यांच्या क्लबाच्या दारापर्यंत जाऊन मागे फिरायचं आणि येऊन माझा बार कोरडा करायचा. आम्ही खाली गेलो तर ते आमची काढतात. कुणी रागवायचं नाही. रागवतात सगळेच, पण दाखवायचं नाही.

तर तीसेक वर्षं आमची विधवा म्हणजे लोन्झू. धंद्याने फरशीवाला. नक्षीच्या फरश्या बसवायचा, आणि गावात असं घर नाही की ज्यात त्याच्या हातची जमीन नाही. बुटका, जाडजूड, गुडघे कामातून गेलेले, आणि ओठावर ही एवढी मिशी. विधवा होतानाही मिशी काढायचा नाही. काळ्या जाळीतून ती मिशी दिसली की निम्मं काम तिथेच व्हायचं. उरलेलं निम्मं त्याच्या गळ्याचं.

तो गळा मात्र त्याचा नव्हता, विटोरिनचा होता. विटोरिन त्याची बायको. पहिल्या वर्षी ठरलेल्या विधवेला गालगुंड झाले म्हणून ऐनवेळी लोन्झूला झगा चढवला, तर हा बकरीसारखा ओरडला. कुणी हसेना. विटोरिनने बाल्कनीतून पाहिलं आणि तिथूनच ओरडली, "अरे, नवरा मेलाय तुझा, बस चुकलेली नाही!" हसले लोक, पण तिला. दुसऱ्या दिवसापासून तिने त्याला स्वयंपाकघरात उभं करून शिकवलं. तिच्या आजीच्या वेळी मयताच्या घरी रडायला म्हाताऱ्या बायका यायच्या, ते तिने लहानपणी ऐकलेलं. आधी खालचा गुणगुणता सूर. मग आवाज चढवायचा, आणि चढता चढता एकदम फाडायचा. मग श्वास आत, आणि मग तो लांबलचक, घरातली भांडी हलतील असा. शेजारच्या भिंतीपलीकडून मी ऐकायचे. एकदा विटोरिन म्हणत होती, "फाटला नाही आवाज, परत," आणि हा म्हणत होता, "अगं, ससा करपतोय चुलीवर." "करपू दे. परत." दोघं हसत होती. पोर झोपलेली असायची, तिला यातलं काही माहीत नाही.

ती पोर म्हणजे मार्थीज. एकुलती एक. आणि नशीब बघा, तिने लग्न केलं ते हाल-फरूनमध्ये. हाल-फरून म्हणजे आमच्या उरावर बसलेलं गाव. मधे चार वावरं आणि फड्या निवडुंगाचं कुंपण, बस. त्यांचा क्लब लाल-पिवळा, आमचा निळा-पांढरा. त्यांचा बँड वेगळा, संत वेगळा, पाव वेगळा. लग्नात विटोरिनने एवढंच विचारलं, "नातवंडांना कुठला शर्ट घालणार?" मार्थीज म्हणाली, "मम्मा, पांढरा." नातवंडं अजून झालेली नाहीत, ते एक बरं.

त्या वर्षीचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू झाला. उन्हाने स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसवत नव्हतं. आम्ही एक ब्राझीलचा पोरगा आणला होता, बॉल पायाला चिकटलेला, बघत राहावं असा. तिसऱ्या मॅचला त्याचा गुडघा गेला. मग कोच गेला. मग दुसरा कोच आला, त्याने आल्या आल्या सगळ्यांना नुसतं पळवलं, आणि पोरं मॅचच्या आधीच दमायला लागली. क्लबाचा सेक्रेटरी विस्तिन, पेशाने सुतार, जिभेने वकील, तो रोज माझ्या बारमध्ये येऊन टेबलावर मूठ आपटायचा. "या वर्षी जाणार आपण खाली, डोलोर, लिहून घे." मी म्हणायचे, "टेबल मोडलास तर तूच दुरुस्त करायचंस."

ऑक्टोबरात विटोरिन गेली. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली ती खाली आलीच नाही. लोन्झूने दोन हाका मारल्या, मग गुडघे धरत वर गेला. मला आवाज आला तो त्याचा नाही, तो तर एक शब्द बोलला नाही. मला आवाज आला बादली पायऱ्यांवरून गडगडत आल्याचा. मी धावले. तो तिच्याजवळ उकिडवा बसला होता आणि तिच्या हातातून कपड्यांचे चिमटे एकेक काढून घेत होता.

चर्च भरून माणूस आलं. ज्यात लोन्झूने फरशी बसवली नाही असं घर नव्हतं, आणि ज्याला विटोरिनने चार शब्द सुनावले नाहीत असा माणूस नव्हता. हाल-फरूनचीही माणसं आली. मार्थीज रडून रडून उभं राहवेना अशी झालेली. आणि लोन्झू चांगला सूट घालून पेटीपाशी उभा. डोळे कोरडे. तोंड मिटलेलं. कुणी हात मिळवला की "थँक यू" म्हणायचा. दफन झालं, सगळे परत फिरले, तरी टिपूस नाही. घरी मी सूप केलं होतं, ते त्याने प्यायलं, वाटी विसळून ठेवली.

लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? आधी कुजबुज, मग उघड. हाल-फरूनच्या क्लबासाठी ऊर बडवला, आणि बायकोसाठी डोळा ओला नाही! हाल-फरूनमध्ये जुझे नावाचा पाववाला आहे, हा जाडा. त्यांच्याकडे विधवा व्हायचं काम त्याचं, लोन्झूसमोर त्याला कुणी विचारत नाही ही त्याची जुनी पोटदुखी. मार्थीज सकाळी पाव आणायला गेली की तो गल्ल्यावरून विचारायचा, "काय गं, बापाचा घसा बसलाय का? मधाचं पाणी दे त्याला, हंगाम संपायच्या आत बरा व्हायला पाहिजे." भर दुकानात. पोर पाव तिथेच टाकून घरी यायची.

नाताळपर्यंत ती दर रविवारी बापाकडे जेवण घेऊन येत होती. त्यानंतर यायची बंद झाली.

लोन्झू मात्र मॅचला जायचा. एकही चुकवली नाही. क्लबाच्या मिनीबसमध्ये खिडकीशी बसायचा, स्टेडियमवर ठरलेल्या पायरीवर बसायचा, परत येताना खिडकीशी. जानेवारीत एका मॅचला मी गेले होते. असला वारा की कॉर्नरचा बॉल जागेवर राहीना, पावसाचे फटके तोंडावर. सगळे छपराखाली पळाले, हा तिथेच. मी ओरडले, "अरे, न्यूमोनिया होईल, इकडे ये!" आला. म्हटलं, "स्कोअर काय झाला?" तर म्हणतो, "कुणाचा?" समोर बघत होता नव्वद मिनिटं, डोंबलाचं काही दिसत नव्हतं त्याला.

बारमध्येही तेच. कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचा. मी वाटाण्याची पास्तित्सी, ती पापुद्र्याची करंजी, ठेवली की वाटाण्याची खायचा, चीजची ठेवली की चीजची. पूर्वी चीजची दिली तर तासभर माझा उद्धार करायचा. एकदा मला राग आला. माणसाने काहीतरी म्हणावं ना! मी त्याच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं, चांगलं दोन चमचे. तो प्याला. ग्लास खाली ठेवून म्हणाला, "बरं झालं डोलोर, गरम होता." मी आत जाऊन भांड्यांवर डोकं टेकून रडले. मला येतं रडायला, माझं काय.

'बरं' हा एकच शब्द उरला होता त्याच्याकडे. गच्ची गळतेय, दुरुस्त कर. बरं. डॉक्टरकडे जा. बरं. करायचा काहीच नाही. ज्याला काही वाटत नाही त्याला नाही म्हणायचेही कष्ट पडतात, हे मला त्या हिवाळ्यात समजलं.

एप्रिल उजाडला तेव्हा तळाला दोनच क्लब उरले होते, आम्ही आणि हाल-फरून. आम्ही एका गुणाने पुढे. आणि शेवटची मॅच एकमेकांशीच! लीगवाल्यांनी ठरवून काढलं असतं तरी असं जमलं नसतं. आम्हाला बरोबरी पुरत होती. जिंकणं त्यांना भाग होतं. दोन्ही गावांत लोक एकमेकांना बघून थुंकायला लागले, प्रेमाने.

विस्तिन लोन्झूच्या टेबलाशी आला. "लोन्झू, शेवटच्या मॅचनंतर कामाला लागायचंय हां. झगा धुऊन ठेव."

"बरं."

"घसा काय म्हणतो?"

"आहे."

"आहे म्हणजे? यंदा असा रड की हाल-फरूनच्या गाई आटल्या पाहिजेत!"

"बरं," लोन्झू म्हणाला. विस्तिन त्याची पाठ थोपटून गेला. मी मनात म्हटलं, होईल तेव्हा बघू.

त्याच आठवड्यात मार्थीज आली. दुपारची वेळ, बार रिकामा. मी चहा ओतायला लागले तर म्हणाली, "मावशी, मला काही नको. मी पप्पाशी बोलायला आलेय, आणि तू इथेच थांब. साक्षीदार असलेला बरा."

त्याच्यासमोर बसली. किती वाळली होती!

"पप्पा, या वर्षी तू झगा घालायचा नाहीस."

"बरं."

"नुसतं बरं नको. शब्द दे."

"दिला."

"घातलास तर तुला मुलगी नाही असं समज. मी हे रागाने बोलत नाहीये, विचार करून आलेय. मम्मा गेली तेव्हा तुझ्या डोळ्यात मी पाणी बघितलं नाही. आता त्या लाकडाच्या खोक्यामागे तू गावासमोर गळा काढलेला मला बघायचा नाही. मला नाही सहन होणार ते."

मला राहवलं नाही. "लोन्झू, परवा विस्तिनला काय म्हणालास?"

"बरं म्हणालो."

"आणि आता हिला?"

"बरं."

"अरे मग काय, अर्धा झगा घालणार आहेस का?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग मार्थीजकडे. आणि मग तो बोलला. विटोरिन गेल्यापासून एवढं सलग मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आवाज कसा, तर फरशीचं माप सांगावं तसा.

"पेटी उचलली ना चर्चमध्ये, तेव्हा आलं होतं मला. इथपर्यंत." त्याने गळ्याला बोट लावलं. "थोडासा आवाज निघालाही. आणि मागच्या बाकावरून कुणीतरी खिक् केलं. त्या माणसाची चूक नाही. त्याला आवरलं नसणार. माझं रडणं एकच आहे, मार्थीज. तुझ्या आईनेच शिकवलेलं. दुसरं मला येत नाही, मी शोधलं, नाही सापडलं. ते काढलं असतं तर सगळं चर्च हसलं असतं, आणि ती मधोमध पडलेली. म्हणून गिळलं. मग ते वर आलंच नाही पुन्हा."

मार्थीजचे ओठ पांढरे पडले. "मी तुला चिकटून उभी होते, पप्पा. मला कुणी हसलेलं ऐकू आलं नाही."

"बरं."

"आईने शिकवलेलं म्हणे! कारण चांगलं शोधलंस." ती उठली. दाराशी जाऊन म्हणाली, "शब्द दिलायस, लक्षात ठेव," आणि गेली.

खरं सांगू? मला पोरगी कठोर वाटली. शिकवण्याचं खरं होतं, ते मी तिला पुढे कधीतरी सांगणार होते. पण हसण्याचं मलाही पटलं नाही. बायकोच्या पेटीसमोर उभ्या माणसाला कोण हसेल? आम्ही तोंडाळ असू, पण इतके काही जनावरं नाही. मला वाटलं, दुःखाने याचे कान वाजले असतील.

मे महिन्यात शेवटची मॅच. विस्तिनने पेटी आधीच करून ठेवली. खरं म्हणजे मॅचच्या आधी पेटी करू नये, अपशकुन असतो. पण एका संध्याकाळीत पेटी होते का? रंग वाळायलाच दिवस जातो. म्हणून सगळेच क्लब आधी करतात आणि सगळेच आधी केली नाही म्हणून शपथा घेतात. आमची माझ्या बारच्या मागच्या अंगणात होती, ताडपत्रीखाली. लाल-पिवळी, पितळी कड्या लावलेल्या. विस्तिनने इतकी सुंदर केली होती की मी म्हटलं, "मी मेले की मला हीच दे." तो म्हणाला, "तू मावणार नाहीस."

लोन्झू त्या दिवशी मॅचला गेला नाही. सकाळी झगा घेऊन आला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि कोपऱ्यात बसला. गाव सगळं स्टेडियमवर, बारमध्ये आम्ही दोघंच आणि टीव्ही.

मी म्हटलं, "काय ठरवलंस?"

"बघू."

बघू! काय करणार विचारल्यावर 'बरं' आलं नाही, सहा-सात महिन्यांत पहिल्यांदाच. मला धडकीच भरली. म्हणजे आत काहीतरी हलत होतं. घातला झगा तर पोर गेली, नाही घातला तर गाव गेलं, आणि ज्याला दोन्हीची फिकीर नव्हती त्याला आता फिकीर वाटायला लागली होती.

मॅच म्हणजे नुसती ढकलाढकली. बॉल वर, माणसं खाली. पाऊण तास गेला, तास गेला, गोल नाही. शिट्टी वाजायला थोडाच वेळ होता आणि मी मनात काय म्हणत होते मलाच माहीत नाही, आम्ही वाचावं की वाचू नये. तेवढ्यात त्यांचा एक कॉर्नर आला, वाऱ्याने वळला, आमच्याच पोराच्या गुडघ्याला लागला आणि आमच्याच जाळ्यात. पोरगा तिथेच आडवा पडला. संपलं. गेलो खाली.

मला लाज वाटते सांगायला, पण मला आधी हायसं वाटलं. चला, झगा घालायचा प्रश्नच मिटला! लोन्झूची मुलगी त्याला राहिली. मी त्याला म्हटलंही, "सुटलास." त्याने झग्याची घडी घालून पिशवीत ठेवला.

आमची माणसं परत आली ती आवाज न करता. विस्तिन आला आणि टेबलावर डोकं ठेवून बसला, मूठ आपटायचंही त्राण नव्हतं. मी खिडक्यांची दारं लावून घेतली. हरलेल्या गावाने दारं लावून आत बसायचं, हीही रीतच. पन्नास-साठ माणसं अंधारात बसली होती, कुणी पेलासुद्धा उचलत नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारातून मार्थीज आत आली. तिच्या सासरचं गाव आता इथे नाचायला येणार, म्हणून वावरांतून चालत, नवऱ्याला न सांगता आली होती. बापाच्या दंडाला धरलं. "पप्पा, ऊठ. घरी चल. ते येतायत. तू कशाला बघायचं?"

"बरं," तो म्हणाला, आणि उठला. पण तोवर ते येऊन ठेपले होते.

बँड, शिट्ट्या, ढोल. दारावर धपाधपा. बाहेर जुझे पाववाला काळ्या झग्यात, घामाने निथळतोय. "डोलोरबाई, दार उघडा! आम्ही वाचू असं आम्हालाच वाटलं नव्हतं, त्यामुळे पेटी केलीच नाही. तुमच्याकडे तयार आहे म्हणे? माप आमचं असेल, चालेल आम्हाला. मुडदा तुमचा, पेटी तुमची, खांदा तेवढा आमचा!"

बाहेर हशा. आत सगळे विस्तिनकडे बघायला लागले. तो हळूहळू उठला, अंगणाचं दार उघडलं, ताडपत्री ओढून काढली. "घेऊन जा मेल्यांनो. मला बघवत नाही ती." आणि स्वतःच्या हाताने आमचा निळा-पांढरा झेंडा पेटीवर पसरला. काहीही म्हणा, माणूस रीत सोडत नाही.

अंगणाला दुसरी वाट नाही. पेटी बारमधूनच न्यावी लागली. सहा जणांनी खांद्यावर घेतली, टेबलांच्या मधून निघाले. आणि आमची माणसं, काय सांगू, सवयीने उभी राहिली. कुणी टोपी काढली. मार्थीज आणि लोन्झू दाराशीच अडकले होते, त्यांना भिंतीला टेकावं लागलं. पेटी त्यांच्या तोंडासमोरून गेली. दाराच्या चौकटीला तिची कड घासली. पुढचा म्हणाला, "सांभाळून, सांभाळून, थोडी तिरकी करा." बाहेर बँडने मरणाची धून धरली.

आणि लोन्झूच्या गळ्यातून आवाज आला.

आधी खालचा, गुणगुणता. मग चढला. चढता चढता फाटला. मग श्वास आत गेला, आणि मग तो लांबलचक, माझ्या मागच्या फळीवरचे ग्लास वाजायला लागले.

मग विस्तिन फुटला. "अरे वा रे लोन्झू! खाली गेलो तरी असं जावं!" आणि सगळा बार हसायला लागला. दिवसभराचं कोंडलेलं बाहेर पडलं. माणसं टेबलांवर पडून हसायला लागली, एकमेकांच्या गळ्यात पडून. बाहेरचे आत डोकावले, तेही. पेटी खांद्यावर डुगडुगायला लागली, कारण खांदेकरीही हसत होते.

मार्थीजने त्याच्या दंडावरचा हात झटकला. "पप्पा! मला शब्द दिला होतास तू!" आणि मग तिने त्याच्याकडे बघितलं.

रुमाल नव्हता, जाळी नव्हती. हात खाली लोंबत होते. नाकातून, डोळ्यांतून, सगळीकडून पाणी, मिशीतून खाली टपकतंय. तो मान हलवून लोकांना नाही, नाही सांगत होता, आणि त्या मान हलवण्याला लोक आणखी हसत होते. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. आवाज बोटांतून येत राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जुझेने झगा सावरत त्याच्यासमोर गुडघे टेकले. "गुरू! तुमच्यापुढे मी कोण!"

मी पितळी ट्रे घेऊन काउंटरवर आपटला, "गप्प बसा रे! गप्प बसा!" तर तेही त्यांना खेळातलंच वाटलं. त्यालाही हसले. वाईट नव्हती हो ती माणसं. यातल्या निम्म्यांनी विटोरिनच्या पेटीला खांदा दिला होता. पण त्यांना त्या आवाजाला हसायचीच सवय होती.

मार्थीज एकेका तोंडाकडे बघत होती. विस्तिनकडे, जुझेकडे, दारातल्या तिच्या सासरच्या माणसांकडे. सगळ्यांचे दात दिसत होते. तिचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकत नाही, सांगायचंही नाही मला.

ती बापाकडे वळली. त्याची दोन्ही मनगटं धरली आणि त्याचे हात त्याच्या तोंडावरून खाली ओढले.

"रड पप्पा," ती म्हणाली. "हसू देत त्यांना."